उघडे आहे, पण सापडत नाही

बेंगळुरूच्या दक्षिणेला बेगूर नावाचे जुने गाव आहे. आता ते शहराच्या पोटात गेले आहे. तेथील नागेश्वर मंदिराच्या आवारात इसवी सन ८९० च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. बेंगळुरूच्या लढाईत कामी आलेल्या वीराचा त्यात उल्लेख आहे. या शहराच्या नावाचा तो अतिशय जुना लेखी पुरावा मानला जातो. तरीही पिढ्यानपिढ्या लोक सांगत आले ती दंतकथा. बाराव्या शतकातला होयसळ राजा वीर बल्लाळ रानात वाट चुकला, एका म्हातारीने त्याला उकडलेले दाणे खाऊ घातले आणि म्हणून हे ‘बेंद काळूरु’, उकडलेल्या दाण्यांचे गाव. दंतकथेतल्या राजाच्या कितीतरी आधीपासून हे नाव दगडावर होते. तो दगड कोणी लपवलेला नव्हता. देवदर्शनाला येणारे लोक हजार वर्षे त्याच्या शेजारून ये-जा करत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने त्याची नोंद घेतली, तेव्हा कोठे शहराला आपल्या नावाचे वय कळले.

त्याआधी बेंजामिन लुईस राइस या बेंगळुरूतच जन्मलेल्या अधिकाऱ्याने १८८६ पासून ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे खंड प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला होता. बारा खंडांत मिळून सुमारे नऊ हजार शिलालेख आणि ताम्रपट, तालुकावार क्रमांक लावून. राइस यांनी एकही लेख कोरला नाही. जे गावोगाव उघड्यावर पडले होते ते शोधता येईल अशा रीतीने त्यांनी मांडले. दक्षिणेच्या इतिहासाचे पुढचे बरेचसे काम त्या मांडणीच्या आधारावर उभे राहिले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी त्या खंडांतून एक धडा शिकलो होतो : एखादी गोष्ट उपलब्ध असणे आणि ती सापडणे यांत मोठे अंतर असते. पुढे तीन दशकांहून अधिक काळ प्रशासनात काढल्यावर हा धडा मला अगदी वेगळ्या विषयात पुन्हा आठवावा लागला. तो विषय म्हणजे सरकारी संगणक आज्ञावली आणि त्यांचा सोर्स कोड.

सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर. पेन्शन कशी मोजायची, फेरफाराची नोंद कोणत्या टप्प्यावर रोखायची, शिधापत्रिकेवर किती धान्य द्यायचे, हे पूर्वी नियमपुस्तिका आणि कारकुनाचा अनुभव ठरवत. आज ते या मजकुरातल्या ओळी ठरवतात. नियम राजपत्रात छापला जातो आणि त्याचा अर्थ कोडमध्ये लावला जातो. नागरिकाच्या वाट्याला येतो तो अर्थ.

एक प्रसंग सांगतो. माझ्या सेवेच्या उत्तरार्धात मी निवृत्तिवेतनाशी संबंधित एका कार्यालयाचा प्रमुख होतो. एक दिवस साठीकडे झुकलेल्या एक बाई भेटीला आल्या. त्यांचे पती कारकून होते. बावन्नाव्या वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पंचावन्नाव्या वर्षी ते वारले. त्या वेळच्या नियमानुसार बाईंना पतीच्या मृत्यूपासून सात वर्षे वाढीव दराने कुटुंब निवृत्तिवेतन मिळायला हवे होते. ते चौथ्या वर्षीच कमी झाले होते. संगणकाने केलेली आकडेमोड चुकणार नाही, असे त्यांना खालच्या टेबलावर दोनदा सांगण्यात आले होते. त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर सगळा हिशेब मांडून आणला होता. तो बरोबर होता. आज्ञावली सात वर्षे मृत्यूच्या दिनांकापासून मोजण्याऐवजी निवृत्तीच्या दिनांकापासून मोजत होती. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांच्या बाबतीत सदुसष्ट वर्षांच्या वयोमर्यादेमुळे दोन्ही हिशेब एकाच तारखेवर येत, म्हणून चूक दिसत नव्हती. लवकर निवृत्त होऊन वारलेल्यांच्या विधवांनाच तिचा फटका बसत होता, आणि असे दावे थोडे होते.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती दुसऱ्या दिवशी झाली. बाईंना थकबाकी मिळाली. खरा प्रश्न त्यानंतर सुरू झाला. तीच आज्ञावली त्याच कंत्राटदाराने थोडेफार फेरफार करून इतर काही खात्यांना आणि महामंडळांनाही दिली होती. कोणाला, किती, याची यादी कोणाकडेच नव्हती. मी सर्व खात्यांना पत्र पाठवले : आपल्याकडील प्रणालीत ही चूक आहे काय, ते तपासून कळवावे. तीन उत्तरे आली. तिन्हींवर एकच शब्द होता, ‘निरंक’. एकाही खात्याने कोड उघडून पाहिला असेल, असे मला वाटले नाही. पाहणार तरी कसे? तो त्यांच्या हाती नव्हता, आणि असता तरी लाखो ओळींत ती एक ओळ कोण शोधणार? दोन स्मरणपत्रांनंतर मी ती फाइल बंद केली. माझ्या सहीने बंद झालेल्या फाइलींपैकी ही एक आजही मला अस्वस्थ करते.

या अस्वस्थतेवर तोडगा निघू शकेल असे एक साधन तेव्हाही जगात होते. आपल्या प्रशासनाला त्याची गरज वाटली नव्हती, इतकेच. ते म्हणजे ओपन सोर्स कोडसाठीचे सर्च इंजिन.

नेहमीचे सर्च इंजिन शब्दांवर चालते. कोडमध्ये कंस, टिंबे, चिन्हे, जोडशब्द या सर्वांना अर्थ असतो. तेथे शब्दांची सूची पुरत नाही. म्हणून कोड शोधणाऱ्या यंत्रणा मजकुराचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडून त्यांची सूची ठेवतात. ‘पेन्शन’ हा इंग्रजी शब्द रोमन लिपीत सात अक्षरांचा. त्याचे पाच सलग तुकडे पडतात. ज्या फाइलींत हे पाचही तुकडे आहेत, तेवढ्याच बाजूला काढायच्या आणि मग पूर्ण मजकूर ताडून पाहायचा. जुन्या दफ्तरखान्यात आधी रुमालांची यादी चाळून नेमका रुमाल सोडणारा कारकून हेच करीत असे. गूगलने ऑक्टोबर २००६ मध्ये या तत्त्वावर सार्वजनिक कोड शोधण्याची सेवा सुरू केली आणि जानेवारी २०१२ मध्ये ती बंद केली. ती उभारणारे रस कॉक्स यांनी बंद होता होता तिची रीत आणि नमुना कोड जाहीर करून टाकला. त्या आधारावर मिखाएल स्टापेलबर्ग या जर्मन विद्यार्थ्याने आपल्या पदवीच्या प्रबंधासाठी डेबियन या मुक्त प्रणालीतील सर्व सोर्स कोड शोधणारे यंत्र बांधले. ते आजही वापरात आहे. एखाद्या आज्ञावलीत चूक सापडली, तर तशीच ओळ डेबियनच्या हजारो आज्ञावलींत आणखी कोठे आहे, हे काही क्षणांत कळते.

या हकिकतीतून धोरणकर्त्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. खासगी कंपनीने दिलेली सोय ती कंपनी हवी तेव्हा काढून घेऊ शकते. आणि जे काम एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात मावले, ते भारत सरकारला खर्चिक वाटण्याचे कारण नाही.

आपल्याकडे धोरण नाही असे नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामात ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी सरकारी आज्ञावलींचा कोड खुला करून तो इतर खात्यांनी वापरावा, असे दुसरे धोरण आले आणि त्यासाठी ‘ओपनफोर्ज’ हे भांडार उभे राहिले. आरोग्य सेतू ॲपचा अँड्रॉइड कोड मोठ्या मागणीनंतर २६ मे २०२० रोजी खुला झाला. मी राहतो त्या बेंगळुरूत तर याहून पुढचे काम झाले आहे. येथील आयआयआयटीमध्ये २०१८ साली सुरू झालेला ‘मोसिप’ हा ओळखप्रणालीचा मुक्त प्रकल्प फिलिपिन्स आणि मोरोक्कोसारख्या देशांनी स्वीकारला. ‘ईगव्हर्नमेंट्स फाउंडेशन’ २००३ पासून येथूनच नगरपालिकांसाठी आज्ञावली तयार करते. तिचा ‘डिजिट’ हा मंच अनेक राज्यांत वापरला जातो आणि त्याचा कोड कोणालाही पाहता येतो. जुन्या म्हैसूर राज्याने दगड वाचले. त्याच शहराने आज दुसऱ्या देशांना वाचता येईल असा कोड दिला आहे.

मग उणीव कोठे आहे? हा सगळा कोड विखुरलेला आहे. काही ओपनफोर्जवर, काही गिटहबवर, बराचसा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या व राज्यांच्या संगणकांवर, आणि उरलेला कंत्राटदारांच्या ताब्यात. एका भांडाराच्या आत प्रकल्पाचे नाव टाकून पाहणे निराळे, आणि सर्व भांडारांत एकाच वेळी, ओळीपर्यंत जाऊन शोधणे निराळे. दुसऱ्या प्रकारची व्यवस्था कोणत्याही अवर सचिवाच्या टेबलावर नाही. त्यामुळे नवी प्रणाली घेण्याचा प्रस्ताव आला की शेजारच्या खात्याने तेच काम आधी करून घेतले आहे का, हे ओळखीपाळखीवर अवलंबून राहते. मीही असे प्रस्ताव मंजूर केले आहेत.

विसंगती पाहा. केंद्राच्या एखाद्या खात्याला ‘जेम’ या सरकारी खरेदी संकेतस्थळाबाहेर खुर्ची घ्यायची असेल, तर ती तेथे उपलब्ध नसल्याचा अहवाल फाइलीला जोडावा लागतो. कोट्यवधी रुपयांची आज्ञावली नव्याने लिहून घेताना मात्र, असा कोड सरकारकडे आधीच आहे का, हे शोधल्याचा पुरावा कोणी मागत नाही. इटलीने हा प्रश्न कायद्याने सोडवला. तेथील डिजिटल प्रशासन संहितेनुसार सार्वजनिक संस्थेने स्वतःसाठी बनवून घेतलेला कोड मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करावा लागतो आणि नवे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी उपलब्ध पर्यायांची तुलना करावी लागते. प्रत्येक भांडारात ठरावीक नमुन्याचे वर्णनपत्र ठेवलेले असते. एक स्वयंचलित यंत्रणा ती पत्रे गोळा करून राष्ट्रीय सूची बनवते. फ्रान्सने २०१६ च्या कायद्याने सोर्स कोडला प्रशासकीय दस्तऐवजांत गणले. आपल्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक कार्यालयाला आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे कर्तव्य २००५ मध्येच घालून दिले आहे. नागरिकाचा हक्क ठरवणारा कोड हाही अभिलेखच आहे, असे मानण्यास अडचण कोणती?

सुरक्षेचा आक्षेप नेहमी पुढे येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. कोड शोधता आला की चोरालाही शोधता येतो. गूगलची सेवा २००६ मध्ये सुरू झाली तेव्हा लोकांनी पहिल्याच दिवसांत निष्काळजीपणे कोडमध्ये ठेवलेले पासवर्ड शोधून दाखवले होते. म्हणून प्रसिद्धीपूर्वी अशा गोष्टी तपासून काढणे अनिवार्यच हवे, आणि संरक्षण, गुप्तवार्ता यांच्या प्रणाली या चर्चेबाहेर ठेवायला हव्यात. पण झाकून ठेवणे म्हणजे सुरक्षितता, हा समज १८८३ मध्येच ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी लष्करी सांकेतिक लेखनाच्या संदर्भात खोडून काढला होता. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती फक्त किल्ली, असे त्यांचे म्हणणे होते.

उलट, शोधता न येणे हाच मोठा धोका कसा ठरतो, हे डिसेंबर २०२१ मध्ये जगाने पाहिले. ‘लॉग४जे’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या छोट्याशा मुक्त घटकात गंभीर त्रुटी आढळली. दुरुस्ती लगेच उपलब्ध झाली, पण सरकारे आणि बँका दिवसचे दिवस एकाच प्रश्नाशी झगडत राहिल्या : हा घटक आमच्याकडे नेमका कोठे कोठे आहे? आपल्या ‘सर्ट-इन’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रत्येक सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी ठेवण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, हे योग्यच झाले. मात्र अशी यादी बाहेरून घेतलेल्या घटकांची नावे सांगते. निवृत्तीचा दिनांक आणि मृत्यूचा दिनांक यांची गल्लत करणारी घरची ओळ तिच्यात दिसणार नाही. त्यासाठी कोडच चाळावा लागेल.

येथे एक मधला मार्ग आहे, आणि माझ्या मते प्रशासनाने तेथूनच आरंभ करावा. शोध आणि प्रसिद्धी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. जो कोड खुला करण्याची तयारी नाही, तोही सरकारच्या अंतर्गत सूचीत घेता येतो. अधिकृत अधिकाऱ्याने शोध घ्यावा, प्रत्येक शोधाची नोंद राहावी. अभिलेखागारांतही खुले दालन आणि परवानगीचे दालन अशी विभागणी असते, पण सूची दोन्हींची ठेवतात. माझ्या त्या चुकीच्या ओळीसाठी अशी बंद दालनाची सूचीही पुरेशी होती.

दुसरी अडचण खास आपली आहे. जमिनीच्या ज्या उताऱ्याला महाराष्ट्र सातबारा म्हणतो, त्याला कर्नाटक पहाणी म्हणते, उत्तर प्रदेशात खतौनी शोधावी लागते आणि तमिळनाडूत पट्टा. बेळगावकडे तर आजही नुसते ‘उतारा’ म्हटले की काम भागते. प्रोग्रामर हीच नावे रोमन लिपीत, आपापल्या वर्णलेखनाने कोडमध्ये लिहितात. ‘सातबारा’ शोधणाऱ्या पुण्याच्या अभियंत्याला कर्नाटकाच्या ‘भूमी’ प्रकल्पाच्या पंचवीस वर्षांच्या अनुभवातला उपयोगी भाग केवळ शब्दांच्या शोधाने सापडणार नाही. भारतीय प्रशासनाच्या पारिभाषिक शब्दांचा कोश त्या यंत्राच्या पोटात असावा लागेल. हे काम परदेशी कंपनी आपल्यासाठी करणार नाही. ते महसूल, नगरविकास, वित्त या खात्यांतील जाणकार, भाषेचे अभ्यासक आणि संगणकतज्ज्ञ यांनी एकत्र बसून करायचे आहे.

परक्या अंगणावर किती विसंबावे, याचाही विचार हवा. डिसेंबर २०१४ मध्ये आपल्याच दूरसंचार विभागाच्या आदेशाने बत्तीस संकेतस्थळे रोखली गेली, त्यांत गिटहब होते. दहशतवादी मजकुराचा शोध घेताना लाखो अभियंत्यांचे कामाचे टेबलच काही काळ बंद झाले. आदेश काढणाऱ्यांना त्या संकेतस्थळावर काय चालते याची पुरेशी कल्पना नसावी. ज्या सरकारचा कोड उद्या तेथे ठेवलेला असेल, त्याने निदान त्याची प्रत आणि सूची आपल्या घरी ठेवावी. फ्रान्समधील ‘इन्रिया’ या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये युनेस्कोच्या पुढील सहकार्याने ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हे जगभरच्या सोर्स कोडचे अभिलेखागार याच दूरदृष्टीने उभारले आहे.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता हवा तो कोड क्षणात लिहून देते, मग जुना शोधायचा कशाला, असा प्रश्न तरुण अधिकारी विचारतात. कोड टंकित करणे हा खर्चाचा भाग कधीच नव्हता. नियमाचा अर्थ नीट लागणे, अपवाद कळणे, तक्रारींतून चुका दुरुस्त होणे, यांत वर्षे जातात. त्या वर्षांची कमाई जुन्या कोडमध्ये साठलेली असते. शिवाय यंत्राने लिहिलेल्या कोडमध्ये एखादी जुनी चूक नव्याने शिरली, तर ती किती ठिकाणी पसरली हे पाहण्यासाठी शोध अधिकच लागेल.

सरकारने करायचे ते मोजके आहे. सार्वजनिक पैशातून लिहिलेला प्रत्येक कोड, खुला असो वा बंद, सरकारी भांडारात जमा करण्याची अट प्रत्येक कंत्राटात असावी आणि जमा झाल्याखेरीज शेवटचे देयक निघू नये. नव्या प्रणालीच्या प्रशासकीय मान्यतेपूर्वी शोध अहवाल फाइलीला जोडणे वित्तीय नियमांत बंधनकारक व्हावे. सूची आणि शोधयंत्र एखाद्या सार्वजनिक संस्थेने चालवावे, राज्यांना त्यात समान स्थान असावे, आणि खुल्या दालनात पत्रकाराला, विद्यार्थ्याला, लग्नपत्रिकेवर हिशेब मांडणाऱ्या नागरिकाच्या मुलालाही प्रवेश असावा. यासाठी नवे मंत्रालय लागत नाही. एक परिपत्रक, एक छोटा संघ आणि दोन अर्थसंकल्पांचा धीर लागतो.

त्या बाई पुन्हा कधी भेटल्या नाहीत. पण त्या ‘निरंक’ उत्तरांच्या पलीकडे, दुसऱ्या एखाद्या खात्याच्या दारात, तशीच चूक भोगणाऱ्या आणखी कोणी बसल्या होत्या का, हे मला आता कळण्याचा मार्ग नाही. माझ्या जागी आज जो अधिकारी बसला आहे, त्याच्यासमोर असा कागद आला, तर त्याने पत्रे पाठवून उत्तरांची वाट पाहू नये. ती ओळ शोधपेटीत टाकावी आणि संध्याकाळपर्यंत यादी हातात घ्यावी.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून बेंगळुरू येथे वास्तव्यास आहेत.)